चौदा दिवसांचा रहिवास

आमच्या घराण्यात परदेशी माणसाशी लग्न करणारा मी पहिलाच, अशी आम्हा सगळ्यांची सोळा दिवस समजूत होती. सतराव्या दिवशी अलिबागच्या कचेरीत ती दूर झाली, आणि तीही आमच्याच आबांनी नेलेल्या कागदांवरून.

आबा म्हणजे माझे वडील. अलिबागच्या कोर्टात तीस वर्षं नोकरी करून नाझर म्हणून निवृत्त झाले आणि रेवदंड्याच्या घरी येऊन बसले. पण ते कोर्टातून निवृत्त झाले तरी कोर्ट काही त्यांच्यातून निवृत्त झालं नाही. घरात प्रत्येक गोष्ट 'रीतसर' व्हायला हवी. धोब्याकडे कपडे गेले तर यादी दोन प्रतींत. मांजरीला पिल्लं झाली तेव्हा त्यांनी पंचांगाच्या समासात वेळ टिपून ठेवली होती (कशासाठी, ते मांजरीलाही कळलं नसावं).

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा. मुंबईच्या एका व्यापाऱ्याने मला आपल्या खर्चाने नॉर्वेला पाठवलं होतं, मासे डब्यात भरायला शिकायला. दीड वर्षात मी मासे डब्यात भरायला शिकलो आणि ज्या कारखान्यात शिकलो तिथल्या मुकादमाच्या मुलीला लग्नाचं विचारून बसलो. मार्ता तिचं नाव. उंच, पिवळ्या केसांची आणि बोलण्यात काटकसरी. तिला विचारायला मला अर्धा तास लागला. ती "बरं" म्हणाली आणि पुन्हा माशांची डोकी उडवायला लागली.

तिच्या आईने मात्र एक अट घातली. मार्ताने परतीचं तिकीट हातात घेऊनच हिंदुस्थानात जायचं. बोट सुटायच्या आत लग्न झालं तर तशी तार करायची, नाही झालं तर त्याच बोटीने मुकाट्याने घरी यायचं. मला तेव्हा ही अट अगदीच किरकोळ वाटली. आमच्याकडे लोकांची लग्नं एका सुपारीवर ठरतात आणि आठवड्यात उरकतात, हे मी पाहिलं होतं.

मी पुढे येऊन मुंबईत त्या व्यापाऱ्याकडे राहिलो आणि घरी पत्र टाकलं. आई दोन दिवस रडली. तिसऱ्या दिवशी तिने आबांकरवी एकच प्रश्न लिहून पाठवला: मुलगी मासे खाते का? मी उलट टपाली कळवलं की तिच्या गावात दुसरं काही पिकतच नाही. त्यावर आईचं उत्तर आलं, "मग बघू."

आबांनी बघायचं वगैरे ठेवलं नाही. त्यांनी प्रकरण चालवायला घेतलं. आमचे भटजी असलं लग्न लावायला तयार नव्हते, आणि पाद्र्याच्या दारात जायला आबा तयार नव्हते. तेव्हा सन अठराशे बहात्तरच्या तिसऱ्या कायद्याखाली रजिस्ट्रारपुढे लग्न लावायचं, असा त्यांनी निकाल दिला.

"पहिले दोन कायदे कुठे गेले?" आईने विचारलं.

"ते लग्नाचे नाहीत."

"मग कसले आहेत?"

आबांनी चष्मा पुसला. "ते या प्रकरणात गैरलागू आहेत," असं म्हणून ते आत गेले. ते त्यांनाही ठाऊक नव्हतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

या कायद्यात एक गोष्ट मला आवडली नव्हती. लग्न करणाऱ्या दोघांनी, आपण हिंदू धर्म मानत नाही, ख्रिस्ती मानत नाही, यहुदी, पारशी, मुसलमान काहीच मानत नाही, असं सही करून द्यायचं. मी हे आईला सांगायचं टाळत होतो. शेवटी एका सुट्टीत घरी आलो तेव्हा ती माजघरात तांदूळ निवडत असताना धीर करून सांगितलं. तिचे हात थांबले. मग म्हणाली, "देव कचेरीत जात नाही. दे तू लिहून." आणि एक खडा उचलून बाजूला टाकला. त्या दिवशी मला तिचे पाय धरावेसे वाटले होते. धरायला हवे होते.

मुंबईत राहून मुंबईतच लग्न केलं असतं तर सगळं सुरळीत झालं असतं, असं आता कोणीही म्हणेल. तेव्हाही व्यापाऱ्याने सुचवलं होतं. आबांनी कळवलं, "स्वतःच्या जिल्ह्याचा रजिस्ट्रार हयात असताना परक्या माणसापुढे उभं राहायचं कारण काय?" शिवाय अलिबागचा रजिस्ट्रार कधीकाळी त्यांच्याच हाताखाली उमेदवारी करून गेलेला होता. म्हणजे घरचंच माणूस.

आबांचा हिशेब असा: चौदा दिवस जिल्ह्यात रहिवास, मग नोटीस, मग नोटिशीचे चौदा दिवस, मग लग्न. बोट सुटायला त्यानंतर दोन दिवस उरतात. एक जेवणावळीला, एक तारेला. हे त्यांनी पुस्तक न उघडता सांगितलं. तीस वर्षं कोर्टात काढलेल्या माणसाने कायदा बघायला पुस्तक उघडावं, हा त्यांना कमीपणा वाटे. आणि रहिवास कोणाचा, हा प्रश्न तर कोणाच्या डोक्यातच आला नाही. अर्थात बाहेरून येणाऱ्या बाईचा! आम्ही काय, इथलेच.

मार्ता मुंबईला बोटीतून उतरली. दुसऱ्या दिवशी आम्ही आगबोटीने रेवदंड्याला आलो. आईने तिला ओवाळलं, सुरमई वाढली आणि ती दोन घासांत काटा वेगळा काढते हे पाहून समाधानाने मान हलवली. पण हात धुऊन होताच म्हणाली, "आता हिला इथे ठेवता येणार नाही. लग्नाआधी सून घरात राहिली तर गाव काय म्हणेल?"

"तर मग?" मी विचारलं.

"मुरुडला. आत्याकडे."

झालं. इतका सोपा तोडगा असताना कोणी विचार कशाला करेल? आबांची धाकटी बहीण मुरुडला दिलेली. तिचे यजमान तिथल्या शाळेत मास्तर. रेवदंड्याची खाडी तरीने ओलांडायची आणि पुढे बैलगाडी. माझ्या मुंजीला आत्या तिथून आली, मी गोवराने आजारी पडलो तेव्हा महिनाभर येऊन राहिली. खाडीच्या पलीकडे हबसाण, तिथे नवाबसाहेबांचं राज्य, त्यांचा नाका, त्यांचे शिपाई, हे आम्हाला चांगलं माहीत होतं. समुद्र खारट आहे हे जसं माहीत असतं, तसं. त्यावर कोणी बसून विचार करत नाही.

त्याच दुपारी आबा, मार्ता आणि मी निघालो. तरीवर धाकू नाखवा होता. त्याने मार्ताला नखशिखांत पाहिलं आणि मला म्हणाला, "ही बाय होरीत बरी बसते. तू न्हाय बसत." (होरी म्हणजे होडी. आणि खरंच, ती दोन्ही पाय रोवून बसली होती आणि मी काठ धरून.)

पलीकडे नाक्यावर कारकुनाने मार्ताची ट्रंक उघडली. लोकरी मोजे निघाले, काळे बूट निघाले आणि तळाला कागदात गुंडाळलेला हातभर लांब सुकवलेला मासा निघाला. तिच्या आईने विहिणीला भेट म्हणून दिलेला. तो आईला द्यायचा राहून गेला होता. कारकुनाने तो ट्रंकेवर आपटून पाहिला. खणखणीत आवाज आला.

"हा मासा हाय की फळी?"

"मासा," मार्ता माझ्याकडून शिकलेल्या मराठीत म्हणाली.

"मासा असा वाजत न्हाय." त्याला त्यावर लाकडाची जकात लावावीशी वाटत होती. आबा पुढे झाले, दहा मिनिटं वाद घातला, मासा मासाच ठरवून घेतला आणि वर बजावलं, "चिठ्ठी द्या. रीतसर. नाव, तारीख, कुठून कुठे."

कारकुनाने लिहून दिलं: 'मार्ताबाई नॉर्वेकर, रेवदंड्याहून मुरुडास, सोबत मासा एक.' खाली संस्थानचा ठसठशीत शिक्का. आबांनी ती चिठ्ठी घडी न घालता कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. रहिवासाला असा पुरावा दुसरा नाही, म्हणाले.

आता माझ्याविषयी. आत्याच्या घरी मार्ताला सोडून मी आबांबरोबर परत आलो आणि तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की तिची छत्री आमच्याकडेच राहिली आहे. ऊन फार होतं (मार्गशीर्ष महिना चालू होता). मी छत्री घेऊन मुरुडला गेलो. दोन रात्री राहिलो. परत आलो तर आई आंबोळ्या करत होती. मार्ताने आंबोळी कधी खाल्लेली नव्हती. मी आंबोळ्या घेऊन मुरुडला गेलो. असं करत करत चौदा दिवसांत मी पाच वेळा गेलो आणि नऊ रात्री तिकडे काढल्या. परत यायचो ते फक्त नवीन निमित्त न्यायला.

आत्या दारात उभी राहून विचारायची, "आज काय पाठवलंय वहिनीने?"

"नारळ."

आत्या मागच्या वाडीकडे बघायची. तिच्या वाडीत चाळीस माड होते. "ये आत," ती म्हणायची. "नारळ ठेव आणि ये."

आम्ही किनाऱ्यावर फिरायचो. कोळणी बोंबील वाळत घालायच्या तिथे मार्ता तासन्‌तास उभी राहायची. त्यांच्या गावातही मासे असेच मांडवावर वाळतात, फक्त एकेक मासा वासराएवढा. तिसऱ्या दिवशी ती त्यांच्यात बसून बोंबील अडकवायला लागली, आणि मी वाळूत बसून तिच्याकडे बघायला लागलो. आयुष्यात इतका सुखी मी नंतर फार थोड्या वेळा झालो. आणि येता-जाता नाक्यावर हातातलं सामान दाखवून न चुकता चिठ्ठी घ्यायचो, कारण आबांची तशी ताकीद होती.

पंधराव्या दिवशी आम्ही तिला घेऊन परत आलो, रात्री ती शेजारच्या काकूंकडे झोपली आणि दुसऱ्या दिवशी आबा, मार्ता आणि मी अलिबागला कचेरीत हजर झालो. रजिस्ट्रारसाहेब उठून उभे राहिले, आबांना खुर्ची दिली, मार्ताला नमस्कार केला. आबांनी लाल दोरीने बांधलेलं प्रकरण टेबलावर ठेवलं. वर अनुक्रमणिकाही होती.

"बाईंचा चौदा दिवसांचा रहिवास. पुरावा जोडला आहे. रीतसर," आबा म्हणाले.

साहेबांनी पहिली चिठ्ठी वाचली. शिक्का उजेडात धरून पाहिला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"आबासाहेब, मुरुड कोणत्या जिल्ह्यात येतं?"

आबांनी अनुक्रमणिका चाळली. तीत मुरुड होतं, जिल्हा नव्हता.

"मुरुड," शेवटी ते म्हणाले, "मुरुडला येतं."

"संस्थानात येतं. म्हणजे आपल्या सरकारच्या लेखी परक्या मुलखात. बाई परदेशातून आल्या, दोन दिवस आपल्या हद्दीतून गेल्या आणि पुन्हा परदेशात जाऊन राहिल्या. असं ही चिठ्ठी म्हणते."

"पण तिथे माझी सख्खी बहीण राहते!"

"किती वर्षं?"

"अठ्ठावीस."

साहेबांनी चिठ्ठी टेबलावर ठेवली. आबांच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू उलगडत गेलं. "म्हणजे," ते म्हणाले, "आमच्या यमूचं लग्न... परदेशी इसमाशी झालं?"

"कायद्याने म्हटलं तर, तसंच."

"मी स्वतः लावलं हो ते. कुठलीही नोंद न करता." आबांनी कपाळावरचा घाम टिपला. अठ्ठावीस वर्षं आपण जावई म्हणून ज्याला धोतरजोडी देत आलो तो परदेशी निघावा, हा त्यांना मोठाच धक्का होता. पुढची पाच मिनिटं ते माझं लग्न विसरून गेले आणि आत्याच्या लग्नाची आता काय तजवीज करता येईल, तेच विचारत राहिले.

साहेब भला माणूस होता. म्हणाला, "तशी अडचण काहीच नाही. दोघांपैकी एकाचा रहिवास पुरतो. बाईंना कुठेही ठेवायचं कारणच नव्हतं. सदाशिवराव चौदा दिवस रेवदंड्याला घरीच असतील ना? मग झालं."

मी जमिनीकडे पाहिलं. आबांनी माझ्याकडे पाहिलं. मग आम्ही दोघांनी मिळून टेबलावरच्या कागदांकडे पाहिलं, कारण पहिल्या चिठ्ठीच्या खाली माझ्या नावाच्या चिठ्ठ्या तारीखवार लावलेल्या होत्या. छत्रीची, आंबोळ्यांची, नारळांची, सगळ्या. आबांनी त्या 'पूरक पुरावा' म्हणून जोडल्या होत्या!

साहेबांनी एकेक उलटली. "हे पाच दिवस आपल्या हद्दीत दिसतात," ते हळूच म्हणाले. "बाकीचे नऊ नवाबसाहेबांकडे."

"साहेब, तुम्ही म्हणाल तर त्या चिठ्ठ्या मी काढून घेतो," मी म्हणालो.

"आता वाचल्या मी. कागद बोलतो तेच खरं धरायचं, हे आबासाहेबांनीच मला शिकवलंय." आबांनी मान खाली घातली. त्या क्षणी त्यांना आपल्या विद्यार्थ्याचा अभिमान वाटत होता की गळा दाबावासा वाटत होता, ते मला सांगता येणार नाही.

बोट सुटायला सोळा दिवस होते. आम्हाला हवे होते अठ्ठावीस.

मार्ताला निम्मं समजलं होतं. बाहेर पायरीवर येऊन तिने विचारलं, "तुझं काम काय होतं?"

"घरी बसणं."

"आणि?"

"मी बसलो नाही."

मग ती आपल्या भाषेत बोलली. इतकं लांब ती पूर्वी कधी बोलली नव्हती. म्हणाली, मी आईला सोडून एवढे समुद्र ओलांडून आले, आणि तुला एक खाडी न ओलांडता राहवत नाही. पत्रांतही तू असाच होतास, सगळं एकदम हवं. मला तू आवडतोस. पण माझं सगळं आयुष्य तुझ्या हातात द्यायचं, तर तू बसायचं म्हटल्यावर बसतोस की नाही, हे मला बघितलं पाहिजे. आणि मग मराठीत: "चौदा दिवस. तू घरी. मी मुरुडला. मग सांगते. बोट, की तू."

मला राग आला. मग लाज वाटली. मग भीती वाटली, आणि ती चौदा दिवस गेली नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी ओटीवर बसलो. आबांनी यावेळी काही कसूर ठेवली नाही. सकाळ, दुपार, संध्याकाळ हजेरीबुकात सही. खाडीवर जाऊन धाकू नाखव्याला ताकीद दिली की सदू आला तर होडीत घ्यायचं नाही. धाकूने विचारलं, "त्याला येड लागलाय काय?" आबा म्हणाले, "नाही, त्याचं लग्न आहे." धाकू म्हणाला, "तेच विचारतंय."

गावाला उद्योग मिळाला. लोक मुद्दाम आमच्यावरून वाट काढू लागले. पान खायला, पंचांग विचारायला, काहीच नाही तर नुसतं बघायला. मासे विकायला येणारी एक कोळीण रोज टोपली उतरवून आईला विचारी, "वयनी, पोराला सुकत घातलाव काय?" आणि मला उलटंपालटं करायला हवं, असाही सल्ला देऊन जाई. आई पदर तोंडाला लावून आत पळायची. माझी स्वतःची आई!

अकराव्या दिवशी दुपारी कोणीतरी बातमी आणली की खाडीच्या पलीकडच्या काठावर पिवळ्या केसांची बाई उभी आहे.

मी कधी उठलो आणि कधी धावलो, मला आठवत नाही. काठावर पोचलो तेव्हा ती पलीकडे दिसत होती, बोटभर उंचीची, शेजारी आत्या. धाकूची होडी अलीकडेच होती.

"ने मला," मी म्हणालो.

"न्हाय."

"धाकू, नुसता मध्यापर्यंत."

"आबांना बोल."

मी पाण्यात शिरलो. गुडघ्यापर्यंत गेलो, मांडीपर्यंत गेलो. पोहून जायचा काही माझा विचार नव्हता. खरं म्हणजे कसलाच विचार नव्हता. मागून आबांचा आवाज आला. ते नुसत्या पंच्यावर धावत येत होते, एका हातात हजेरीबुक.

"मागे फीर! हद्द पाण्याच्या मध्यावर आहे!"

"मी मध्यावर नाही, आबा."

"ओहोटी आहे! मध्य सरकला असेल!" त्यांनी धाकूला विचारलं, "काय रे, ओहोटीत हद्द कुठे असते?"

धाकूने खाडीकडे पाहिलं, विचार केला. "हद्द काय मी बघितली न्हाय कंदी. पन मासे तरी विचारत न्हायत."

तेवढ्यात पलीकडची सवारी घ्यायला धाकू होडी घेऊन गेला. मी तिथेच पाण्यात उभा. आबा काठावर, माझ्या धोतराचा सोगा धरून. अर्ध्या तासाने धाकू परत आला आणि म्हणाला, "ती बोलली, बस."

"आणखी काय म्हणाली?"

"आनखी काय न्हाय. बस बोलली. म्हनून बस."

मी बाहेर आलो आणि ओल्या धोतराने वाळूत बसलो. पलीकडे ती पण बसली. मध्ये खाडी, खाडीत धाकूची होडी जात-येत होती, आणि आम्ही दोघं एकमेकांसमोर संध्याकाळपर्यंत बसून होतो. काही बोललो असतो तरी ऐकू गेलं नसतं. आबाही थोडा वेळ उभे राहिले, मग माझ्या शेजारी बसले. हजेरीबुकात त्या दुपारची सही त्यांनी माझ्याकडून तिथेच घेतली. आजही कोणी प्रेमाविषयी काही सांगायला लागलं की मला ती ओली वाळू आठवते.

पंधराव्या दिवशी सकाळी मार्ता ट्रंक घेऊन खाडी उतरून आली. बोट दुसऱ्याच दिवशी सुटायची होती. तिने मला काही सांगितलं नाही आणि मी विचारायला धजलो नाही. बैलगाडीत अलिबागपर्यंत ती ट्रंकेवर बसली होती, आणि ट्रंक कोणत्या दिशेला जाणार हे एकट्या तिलाच माहीत होतं.

अलिबागला आल्यावर ती आधी तार ऑफिसात गेली. आबा मागोमाग, मजकूर रीतसर आहे ना, ते बघायला. परत आले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. मी मजकूर विचारला. त्यांनी मला कागद दाखवला. तिने आईला कळवलं होतं: 'चौदा दिवस बसला. आणखी चौदा बसेल. मी राहते.'

तार ऑफिसच्या पायरीवर मी मटकन खाली बसलो. मार्ता म्हणाली, "आता ऊठ."

कचेरीत साहेबांनी या खेपेला कागद मागितले नाहीत. कागदांची धास्ती दोन्ही बाजूंना बसली होती. त्यांनी साक्षीदार मागितले. आबा होतेच, शेजारचे काका होते, आणि धाकू नाखवा नवीन टोपी घालून आला होता.

"हे सदाशिवराव चौदा दिवस घरीच होते, हे तुम्हाला कशावरून माहीत?" साहेबांनी विचारलं.

"व्हय साहेब, घरीच व्हता. मी होरीत घेतला न्हाय त्याला."

"घरी काय करत होते?"

"काय न्हाय."

"काहीतरी करत असतील."

"न्हाय साहेब. मी रोज बघतंय. बसला व्हता. काय सुदा करत नव्हता."

काकांनीही तेच सांगितलं. आबांना तर मुलगा काहीच करत नाही हे शपथेवर सांगताना पहिल्यांदाच आनंद होत होता. नोटीस दाखल झाली. पुढचे चौदा दिवस मला बसायची गरज कायद्यात कुठेही नव्हती. आबांनी तरीही बसवलं. "कायद्यात नाही," ते म्हणाले, "पण असू दे." बोट सुटली त्या दिवशी मार्ता शेजारच्या काकूंकडून आमच्या ओटीवर आली आणि माझ्याजवळ बसून राहिली. ती घरच्या आठवणीने हळवी झाली होती. मी तिचा हात धरला. समोरून ती कोळीण गेली, त्या दिवशी मात्र टोपली न उतरवताच.

पुढे लग्न झालं. सह्या झाल्या, धाकूने अंगठा दिला, आईने घरी गणपतीपुढे दोघांना नमस्कार करायला लावला आणि कचेरीतलं कचेरीत ठेवलं. आत्या आपल्या परदेशी यजमानांना घेऊन जेवायला आली. आबांनी यजमानांना पाटावर बसवताना विनाकारण दोन मिनिटं त्यांच्या तोंडाकडे पाहून घेतलं.

लग्नाचा फोटो काढायचं आमच्या कोणाच्या लक्षात आलं नाही. तेव्हा मार्ताने साहेबांकडून माझ्या रहिवासाच्या दाखल्याची नक्कल मागून घेतली आणि काच लावून ओटीवर टांगली. ती अजून आहे. येणारे-जाणारे लोक लांबून शिक्का बघून समजतात की नॉर्वेची पदवी असावी, आणि मी त्यांना जवळ जाऊ देत नाही. जवळ गेलं की वाचता येतं: 'सदरहू इसम चौदा दिवस आपल्या घरी बसून होता व या मुदतीत त्याने काहीही केलेले नाही, अशी साक्षीदारांच्या जबानीवरून खात्री झाली आहे.' या लग्नासाठी माझी बायको सातासमुद्रांपलीकडून आली. मी काहीही केलं नाही. आणि तसा सरकारी शिक्क्याचा दाखला माझ्याकडे आहे.